काचतंतूंचे पडदे, बॅटरी संशोधन आणि प्रयोगशाळेतील गाळण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅटरीच्या संशोधनाला नुकतीच सुरुवात केलेले विद्यार्थी, पाणी आणि हवा तपासणाऱ्या प्रयोगशाळांतील तंत्रज्ञ आणि महाविद्यालयांतील शिक्षक यांच्याकडून काचतंतूंच्या फिल्टरविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. वरवर पाहता हा पांढरा, मऊ, कागदासारखा तुकडा किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात मात्र मोजमापाचा बराच भाग त्याच्यावर अवलंबून असतो.

काचतंतूंचा फिल्टर म्हणजे नेमके काय?

बोरोसिलिकेट काचेचे अतिशय बारीक तंतू पाण्यात कालवून, कागद बनवतात त्याच रीतीने त्यांचा थर जाळीवर बसवला जातो आणि तो वाळवून पडदा तयार होतो. तंतूंची जाडी एक मायक्रॉनच्या आसपास, कधी त्याहून कमी, तर कधी काही मायक्रॉन असते. हे तंतू विणलेले नसतात. ते एकमेकांत आडवेतिडवे गुंतलेले असतात आणि त्या गुंत्यामुळेच पडदा एकसंध राहतो. म्हणूनच त्याला ठरावीक मापाची भोके नसतात. द्रव वाकड्यातिकड्या वाटांनी पलीकडे जातो आणि कण पृष्ठभागावर न थांबता पडद्याच्या खोलीत कुठेतरी अडकतात. सेल्युलोज नायट्रेट किंवा पीटीएफई (टेफ्लॉन) यांच्या पातळ मेम्ब्रेनमध्ये बहुतेक कण वरच्यावर अडतात, त्यामुळे ती लवकर बुजते. काचतंतूंचा पडदा मात्र बराच गाळ पोटात घेऊनही द्रव वाहू देतो.

९० टक्क्यांहून अधिक सच्छिद्रता असते असे म्हणतात. हा आकडा स्वतः कसा पडताळावा?

त्यासाठी उत्पादकाने दिलेले दोन आकडे पुरतात, प्रति चौरस मीटर वजन आणि जाडी. उदाहरणार्थ, व्हॉटमन या फिल्टर-उत्पादकाच्या जीएफ/डी या प्रतीचे वजन प्रति चौरस मीटर सुमारे १२१ ग्रॅम आणि जाडी सुमारे ६७५ मायक्रॉन आहे. वजनाला जाडीने भागल्यास पडद्याची घनता प्रति घन सेंटिमीटर सुमारे ०.१८ ग्रॅम येते. काचेची स्वतःची घनता साधारण २.४ ते २.५ असल्याने पडद्यात काच सुमारे ७ टक्के आणि मोकळी जागा सुमारे ९३ टक्के ठरते. ५३ ग्रॅम आणि २६० मायक्रॉनच्या जीएफ/ए प्रतीसाठी हेच गणित केल्यास सुमारे ९२ टक्के येतात. हा हिशेब प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतः करावा, कारण पुढे बॅटरीतील इलेक्ट्रोलाइटचे, म्हणजे आयन वाहून नेणाऱ्या द्रवाचे, प्रमाण ठरवताना तोच उपयोगी पडतो.

पाकिटावर लिहिलेल्या मायक्रॉनच्या आकड्याचा अर्थ काय?

त्या आकड्याएवढ्या आकाराचे बहुतांश कण, साधारणतः ९८ टक्के, पडदा अडवतो, एवढाच त्याचा अर्थ आहे. त्याहून लहान कणांतलेही बरेच अडकतात आणि मोठ्यांतला एखादा निसटू शकतो. प्रचलित प्रतींमध्ये जीएफ/ए १.६, जीएफ/बी १.०, जीएफ/सी १.२, जीएफ/डी २.७ आणि जीएफ/एफ ०.७ मायक्रॉनची आहे. अक्षरांचा क्रम आणि बारकाव्याचा क्रम जुळत नाही, याकडे खरेदी करताना अवश्य लक्ष द्यावे. तसेच हे आकडे पाण्यातील गाळणीसाठीचे आहेत. हवेत अतिसूक्ष्म कण रेणूंच्या धक्क्यांनी भरकटत राहतात आणि तंतूंना जाऊन चिकटतात, म्हणून तोच पडदा हवेतील कितीतरी लहान कणही अडवतो.

बाइंडर असलेला पडदा घ्यावा की नसलेला?

वजनाच्या मोजमापासाठी, सेंद्रिय कार्बनच्या तपासणीसाठी आणि बॅटरीसाठी बाइंडर नसलेलाच घ्यावा. तंतू एकत्र राहावेत म्हणून काही प्रतींत अ‍ॅक्रिलिकसारखा सेंद्रिय पदार्थ मिसळलेला असतो. त्यामुळे ओला पडदा सहज फाटत नाही, परंतु तो भट्टीत जळतो, सॉल्व्हंटमध्ये थोडाफार विरघळतो आणि सेलमध्ये नको असलेली रसायने सोडतो. बाइंडर नसलेला पडदा सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवता येतो. केवळ पूर्वगाळणी करायची असेल, तर बाइंडरयुक्त पडदा चालतो आणि हाताळायलाही सोपा जातो.

गाळण्यासाठी बनवलेला पडदा बॅटरीच्या सेलमध्ये का वापरतात?

सेलमध्ये कॅथोड आणि अ‍ॅनोड एकमेकांना टेकू नयेत, पण आयनांना मात्र ये-जा करता यावी, यासाठी मध्ये सेपरेटर लागतो. बाजारातील लिथियम-आयन बॅटरीत हे काम पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएथिलीनची सुमारे २५ मायक्रॉन किंवा त्याहून पातळ फिल्म करते. ही फिल्म नेहमीच्या कार्बोनेट इलेक्ट्रोलाइटमध्ये काम भागवते, पण प्रोपिलीन कार्बोनेटसारखे घट्ट, ध्रुवीय द्रावक तिला नीट भिजवत नाहीत आणि पाण्यावर आधारित इलेक्ट्रोलाइट तर तिच्यावरून ओघळून जाते. काच मात्र या सर्वांनी लगेच भिजते. म्हणून सोडियम-आयन, पोटॅशियम-आयन, लिथियम-गंधक, लिथियम-हवा आणि पाण्यातील जस्त-आयन या रसायनांच्या संशोधनात काचतंतूंचा सेपरेटर जवळजवळ रूढ झाला आहे. महाराष्ट्रात हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. पुण्यातील केपीआयटी टेक्नॉलॉजीज या कंपनीने भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेच्या (आयसर) सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले, आणि सोडियमच्या इलेक्ट्रोलाइटवर प्राथमिक प्रयोग करणाऱ्याच्या हाती बहुधा प्रथम हाच पडदा येतो.

याशिवाय दोन कारणे अगदी व्यवहारातील आहेत. हा पडदा बहुतेक प्रयोगशाळांत आधीपासूनच असतो, आणि जाड व मऊ असल्यामुळे हाताने जुळवलेल्या सेलमधील लहानसहान असमानता तो पोटात घालतो. नवशिक्याचा सेल चालतो तो पुष्कळदा याच गुणामुळे. पण याच गुणामुळे सेलचे काही दोषही झाकले जातात, आणि पुढील तीन उत्तरे त्याविषयीच आहेत.

कॉइन सेलमध्ये इलेक्ट्रोलाइट किती टाकावे?

कॉइन सेल म्हणजे नाण्याच्या आकाराचा छोटा सेल. आधी त्यातील पडद्याची मोकळी जागा काढावी. १६ मिलिमीटर व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ सुमारे २ चौरस सेंटिमीटर असते. ६७५ मायक्रॉन जाडी आणि ९० टक्के सच्छिद्रता धरल्यास तिच्यात सुमारे १२० मायक्रोलिटर द्रव मावतो. २५ मायक्रॉन जाडीच्या आणि सुमारे ४० टक्के सच्छिद्रतेच्या पॉलिप्रोपिलीन फिल्मच्या तेवढ्याच चकतीत जेमतेम २ मायक्रोलिटर मावतो. सेल बंद करताना जाड पडदा दाबला जातो आणि काही द्रव इलेक्ट्रोडांत व कडेच्या मोकळ्या जागेत जातो. तरीही काचतंतूंच्या सेलमध्ये १०० ते २०० मायक्रोलिटर आणि फिल्मच्या सेलमध्ये २० ते ४० मायक्रोलिटर वापरण्याची प्रथा का पडली, हे या गणितावरून समजते.

लिथियम-गंधक सेलमध्ये याचे परिणाम फार मोठे असतात. समजा, १२ मिलिमीटर व्यासाच्या कॅथोडवर प्रति चौरस सेंटिमीटर १ मिलिग्रॅम गंधक आहे, म्हणजे एकूण सुमारे १.१ मिलिग्रॅम. त्याला १२० मायक्रोलिटर इलेक्ट्रोलाइट दिल्यास प्रत्येक मिलिग्रॅम गंधकामागे शंभराहून अधिक मायक्रोलिटर द्रव झाला. व्यवहारात उपयोगी ठरावी अशी लिथियम-गंधक बॅटरी बनवायची असेल, तर हे प्रमाण ५ मायक्रोलिटरच्या आसपास किंवा त्याखाली आणावे लागते. गंधकापासून बनणाऱ्या, विरघळणाऱ्या पॉलिसल्फाइडांना एवढा द्रव मिळाला की अभिक्रिया सुरळीत चालते. शिवाय अ‍ॅनोडच्या पृष्ठभागावर प्रभारण-विप्रभारणाच्या प्रत्येक फेरीत खर्च होणारे इलेक्ट्रोलाइट संपतच नाही, म्हणून सेल शेकडो फेऱ्या टिकतो. तोच कॅथोड मोजक्या इलेक्ट्रोलाइटमध्ये काही फेऱ्यांतच मान टाकू शकतो. पदार्थाची प्राथमिक ओळख करून घेण्यासाठी भरपूर इलेक्ट्रोलाइट वापरण्यात काहीही गैर नाही. मात्र त्या आकड्यांवरून व्यावहारिक बॅटरीविषयी दावा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाड पडद्यामुळे सेलचा रोध वाढतो का?

वाढतो, पण जाडीच्या प्रमाणात नाही. इलेक्ट्रोलाइटची वाहकता प्रति सेंटिमीटर १० मिलिसीमेन्स धरल्यास, २ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाच्या आणि ६७५ मायक्रॉन जाडीच्या नुसत्या द्रवाचा रोध सुमारे ३.४ ओहम येतो. काचतंतूंमधील वाटा रुंद आणि मोकळ्या असल्याने प्रत्यक्ष आकडा त्याहून थोडाच अधिक असतो. २५ मायक्रॉनच्या फिल्मसाठी नुसत्या द्रवाचा हिशेब ०.१३ ओहमच्या आत येतो, परंतु तिच्यातील अरुंद, वळणावळणाच्या छिद्रांमुळे तो कित्येक पटींनी वाढतो. म्हणजे जाडी २७ पट असूनही रोधातील फरक त्या मानाने बराच कमी राहतो. मंद गतीच्या चाचणीत हा फरक जाणवत नाही. जलद प्रभारणाच्या चाचणीत तो जाणवतो, आणि तेथे दोन वेगवेगळ्या सेपरेटरांवरील निकालांची तुलना करणे चुकीचे ठरते.

काचतंतूंचा पडदा डेन्ड्राइट रोखतो का?

रोखत नाही. लिथियम, सोडियम किंवा जस्ताच्या धातूवर वाढणारे सुईसारखे अंकुर एक-दोन मायक्रॉनच्या मोकळ्या वाटांतून सहज शिरतात. पडदा जाड असल्यामुळे त्यांना पलीकडे पोहोचायला वेळ लागतो, इतकेच. याहून फसवी गोष्ट म्हणजे दोन्ही बाजूंना एकच धातू असलेल्या सममित सेलमधील अर्धवट शॉर्ट. धातूचा बारीक धागा पलीकडे टेकला की विद्युतप्रवाहाचा काही भाग आयनांऐवजी त्या धाग्यातून वाहू लागतो. व्होल्टेज खाली येते आणि आलेखावरची रेषा कमी ध्रुवीकरणाची, अगदी स्थिर, हजारो तास टिकणारी दिसते. व्होल्टेज अचानक उतरून चौकोनी, सपाट आकार आला असेल, तर आनंद मानण्याआधी इम्पीडन्स (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा रोध) मोजावा. रोध आधीच्या तुलनेत एकदम कोसळला असेल, तर सेल शॉर्ट झाला आहे असे समजावे.

सेलमध्ये वापरण्यापूर्वी पडदा कसा वाळवावा, आणि त्यावर इतका भर का दिला जातो?

काचेचा पृष्ठभाग हवेतील बाष्प धरून ठेवतो आणि बारीक तंतूंमुळे हा पृष्ठभाग फार मोठा असतो. पावसाळ्यात मुंबई किंवा कोकणात उघडे राहिलेले पाकीट कोरडे समजणे धोक्याचे आहे. बाइंडर नसलेला पडदा आधी सुमारे ४०० अंशांवर काही तास भाजून त्यावरील सेंद्रिय अंश घालवता येतो. त्यानंतर चकत्या कापाव्यात, १२० ते १५० अंशांवर निर्वात ओव्हनमध्ये रात्रभर वाळवाव्यात आणि हवेत न आणता थेट आर्गॉन भरलेल्या ग्लव्ह बॉक्समध्ये न्याव्यात. पॉलिएथिलीनची फिल्म १३५ अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे तिला ही सवलत नसते.

इलेक्ट्रोलाइटमध्ये लिथियम हेक्साफ्लोरोफॉस्फेट असेल, तर येथे हयगय करू नये. या क्षारातून निर्माण होणाऱ्या फॉस्फरस पेंटाफ्लोराइडची पाण्याच्या एका रेणूशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन फ्लोराइडचे दोन रेणू तयार होतात. हायड्रोजन फ्लोराइड काच खाते, आणि त्याचे चार रेणू सिलिकाशी भिडले की सिलिकॉन टेट्राफ्लोराइडबरोबर पाण्याचे दोन रेणू परत मिळतात. हिशेब मांडून पाहावा. खर्च झालेले सगळे पाणी पुन्हा हजर होते आणि चक्र नव्याने सुरू होते. प्लॅस्टिकच्या फिल्ममध्ये हे दुसरे पाऊल पडतच नाही. म्हणून या क्षाराबरोबर दीर्घकाळ किंवा ५०–६० अंशांवर चाचणी करायची असेल, तर काचतंतूंचा पडदा टाळावा, निदान तोच सेल फिल्म वापरून समांतर चालवून पाहावा.

सेल उघडल्यावर तंतू इलेक्ट्रोडला चिकटलेले दिसतात. काय करावे?

असे होणारच, कारण दाबाखाली तंतू इलेक्ट्रोडच्या थरात रुततात. ते खरवडल्यास इलेक्ट्रोडचा थरही निघतो, न खरवडल्यास वजन चुकते आणि पृष्ठभागाच्या विश्लेषणात सिलिकॉनचे संकेत येतात. ज्या इलेक्ट्रोडची नंतर सूक्ष्मदर्शकाखाली किंवा एक्सपीएसवर (क्ष-किरणांनी पृष्ठभागाचे रासायनिक विश्लेषण करणारे तंत्र) तपासणी करायची आहे, त्याच्या बाजूला पातळ पॉलिप्रोपिलीन फिल्म आणि दुसऱ्या बाजूला काचतंतूंचा पडदा अशी जोडी ठेवावी. मात्र ती फिल्म निवडलेल्या इलेक्ट्रोलाइटने भिजते की नाही, हे आधी एक थेंब टाकून पाहावे.

बाजारात मिळणाऱ्या बॅटऱ्यांत काचतंतू असतात का?

लिथियमच्या बॅटऱ्यांत सहसा नसतात. ६७५ मायक्रॉनचा सेपरेटर आणि त्यात भरलेले इलेक्ट्रोलाइट यांचे वजन व जागा कोणत्याही उत्पादकाला परवडणारी नाही. लेड-अ‍ॅसिड बॅटरीत मात्र काचतंतूंचे स्थान पक्के आहे. यूपीएसमध्ये असणाऱ्या, पाणी न भरावे लागणाऱ्या सीलबंद बॅटऱ्यांत शिशाच्या पट्ट्यांमध्ये काचतंतूंची चटई असते आणि सगळे गंधकाम्ल तिने शोषून धरलेले असते. चटई पूर्ण भरलेली नसते. उरलेल्या पोकळ्यांतून धन पट्टीवर निघालेला ऑक्सिजन ऋण पट्टीकडे जातो आणि तेथे पुन्हा पाण्यात रूपांतरित होतो. घरातील इन्व्हर्टरच्या ज्या बॅटरीत दर काही महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर भरावे लागते, ती या प्रकारची नव्हे.

सांडपाण्यातील तरंगते घन पदार्थ मोजताना काचतंतूंचाच फिल्टर का सांगितला जातो?

कारण तो ओलावा फार धरून ठेवत नाही, १०३ ते १०५ अंशांवर वाळवताना त्याचे वजन बदलत नाही आणि गढूळ पाणीही त्यातून वेळेत गळते. साध्या सेल्युलोजच्या कागदाचे वजन खोलीतील दमटपणानुसार हलत राहते आणि चार-पाच मिलिग्रॅमच्या गाळाचे मोजमाप त्यात हरवून जाते. भारतात या तपासणीसाठी आयएस ३०२५ या मानकाचा भाग १७ वापरला जातो.

कृतीतील काही बाबी वरवरच्या वाटतात, पण त्यांवरच निकाल उभा असतो. फिल्टर खडबडीत बाजू वर ठेवून बसवावा. नमुना ओतण्यापूर्वी तो डिस्टिल्ड वॉटरने तीन वेळा धुवावा, कारण सैल तंतू या धुण्यातच निघून जातात. तसे न केल्यास ते नमुना गाळताना निघतात, अंतिम वजन कमी भरते आणि स्वच्छ पाण्याच्या नमुन्यात उत्तर चक्क ऋण येते. धुतल्यानंतर वाळवून, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारा पदार्थ ठेवलेल्या बंद भांड्यात) थंड करून, वजन स्थिर होईपर्यंत तोलावे. नमुन्याचे आकारमान असे निवडावे की फिल्टरवर किमान अडीच मिलिग्रॅम गाळ जमेल. त्याहून कमी गाळ तराजूच्या चुकीत जमा होतो. प्रत्येक तुकडीसोबत एक कोरा फिल्टर सर्व पायऱ्यांतून न्यावा. नंतर तोच फिल्टर ५५० अंशांवर भाजून बाष्पनशील घन पदार्थही काढता येतात, परंतु या तापमानावर पडदा मऊ पडण्याच्या सीमेवर असतो, त्यामुळे भट्टीचा तापमापक विश्वासार्ह असणे आवश्यक आहे.

समुद्राच्या पाण्यातील हरितद्रव्य मोजण्यासाठी ०.७ मायक्रॉनची प्रत का वापरतात?

बहुतेक वनस्पती-प्लवक तिच्यावर अडतात, पाणी लवकर गळते आणि पडदा अ‍ॅसिटोनमध्ये टाकला तरी विरघळत नाही. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्यासारख्या संस्थांतून होणाऱ्या सागरी अभ्यासात ही प्रत जगभर प्रचलित आहे. गाळताना निर्वात सौम्य ठेवावा, अन्यथा पेशी फुटून हरितद्रव्य खाली निघून जाते. गाळल्यावर फिल्टर प्रकाशापासून दूर, त्वरित गोठवावा. कणरूप सेंद्रिय कार्बन मोजायचा असेल, तर फिल्टर आधी ४५० अंशांवर काही तास भाजून घ्यावा, नाहीतर फिल्टरवरच असलेला कार्बन नमुन्याचा म्हणून मोजला जातो. अतिसूक्ष्म जीवाणू मात्र काही प्रमाणात निसटतात, हे निष्कर्ष मांडताना लक्षात ठेवावे.

हवेतील धूलिकणांसाठी काचतंतू पुरेसे आहेत का?

पीएम १० चे (१० मायक्रॉन किंवा त्याहून लहान धूलिकणांचे) नुसते वजन हवे असेल, तर पुरेसे आहेत. मिनिटाला १.१ घनमीटर हवा ओढणारे यंत्र २४ तासांत सुमारे १,५८० घनमीटर हवा गाळते. भारतातील २४ तासांची मर्यादा प्रति घनमीटर १०० मायक्रोग्रॅम आहे. हवा नेमकी या मर्यादेवर असेल, तर फिल्टरवर सुमारे १५८ मिलिग्रॅम धूळ जमते, आणि ती आधी व नंतर सारख्याच तापमानात आणि दमटपणात ठेवलेल्या फिल्टरवर नीट तोलता येते. रासायनिक विश्लेषणात मात्र अडचण येते. काचेचा पृष्ठभाग अल्कधर्मी असल्याने तो हवेतील सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रिक आम्ल शोषून सल्फेट व नायट्रेट बनवतो, म्हणजे हवेत कणरूपात नसलेली गोष्ट फिल्टरवर सापडते. शिवाय काचेत मुळातच बेरियम आणि जस्त असू शकते. अशा कामासाठी क्वार्ट्झ किंवा पीटीएफई निवडावे.

हा पडदा कशासाठी अजिबात वापरू नये?

द्रव निर्जंतुक करण्यासाठी वापरू नये. त्यासाठी ०.२२ मायक्रॉनची मेम्ब्रेन लागते आणि काचतंतू फक्त तिच्या आधी, तिचे आयुष्य वाढवण्यासाठी बसवता येतात. हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि तीव्र, गरम अल्कली काच विरघळवतात, म्हणून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या जस्त-हवा सेलमध्येही तो फार काळ टिकणारा पर्याय नाही. प्रथिनांच्या विरल द्रावणातही जपून वापरावा, कारण काही प्रथिने काचेला चिकटून राहतात. ग्वानिडीन क्षारांच्या तीव्र द्रावणात डीएनए सिलिकाला चिकटतो, आणि डीएनए वेगळे करण्याच्या छोट्या नळ्यांत याच गुणाचा उपयोग केलेला असतो.

वापरलेला पडदा धुऊन पुन्हा वापरता येईल का?

येणार नाही. कण खोलीत अडकलेले असतात आणि ओला पडदा हाताळताना फाटतो.

या तंतूंपासून आरोग्याला धोका आहे का?

त्वचेला खाज येते, हा नेहमीचा त्रास आहे. खरी काळजी श्वासावाटे जाणाऱ्या बारीक तंतूंची घ्यावी. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये इन्सुलेशनसाठीच्या काचलोकरीला वर्गीकरण करता न येण्याजोग्या गटात ठेवले, परंतु विशेष उपयोगांसाठीच्या काही बारीक काचतंतूंना मानवात कर्करोगाची शक्यता असलेल्या २बी गटात ठेवले. म्हणून चकत्या कापताना पंच धारदार असावा, मास्क आणि हातमोजे वापरावेत, टेबल कोरड्या फडक्याने न झटकता ओल्या फडक्याने पुसावे आणि पडदा बोटांऐवजी सपाट टोकाच्या चिमट्याने उचलावा.

शोधनिबंधात सेपरेटरविषयी किती तपशील द्यावा?

प्रत, उत्पादक, चकतीचा व्यास, थरांची संख्या, वाळवण्याचे तापमान व वेळ, मायक्रोलिटरमध्ये इलेक्ट्रोलाइट आणि त्याचे सक्रिय पदार्थाच्या वजनाशी प्रमाण, एवढे अवश्य द्यावे. ‘काचतंतूंचा सेपरेटर वापरला’ एवढ्या एका वाक्यावरून तो सेल दुसऱ्या कोणालाही पुन्हा बांधता येत नाही, कारण २६० आणि ६७५ मायक्रॉनच्या पडद्यांतील द्रवाचे प्रमाणच अडीच पटींनी वेगळे असते.

महाविद्यालयाच्या लहान प्रयोगशाळेत पाणीतपासणी आणि कॉइन सेल दोन्ही करायचे आहेत. एकच प्रत घ्यायची झाली तर कोणती घ्यावी?

१.२ मायक्रॉनची, २६० मायक्रॉन जाडीची जीएफ/सी प्रत ४७ मिलिमीटरच्या चकत्यांत घ्यावी. तरंगत्या घन पदार्थांसाठी ती तशीच वापरता येते. सीआर २०३२ या मापाच्या कॉइन सेलसाठी एका चकतीतून १६ मिलिमीटरचे ५ किंवा १९ मिलिमीटरचे ४ तुकडे निघतात. तिच्यात १६ मिलिमीटरमागे सुमारे ४८ मायक्रोलिटर द्रव मावतो, त्यामुळे इलेक्ट्रोलाइटचा खर्चही आटोक्यात राहतो. पाकीट उघडल्यावर बॅटरीसाठीचा वाटा लगेच वेगळा काढून डेसिकेटरमध्ये ठेवावा आणि पाणीतपासणीच्या टेबलावर नेऊ नये.